कपात होते ती कोषागारात, विधिमंडळात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्याच्या तिजोरीवर ताण असल्याची चर्चा दर अधिवेशनात होते आणि अधिवेशन संपले की विरते. ती जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नावर अडकते: अमुक योजना बंद करणार की चालू ठेवणार? सरकार म्हणते, एकही योजना बंद होणार नाही. विरोधक म्हणतात, तिजोरीत खडखडाट आहे. पण तूट प्रत्यक्षात कशी भरून काढली जाते आणि तिची झळ कोणाला बसते, याची चर्चा होत नाही. योजना बंद झाल्याची घोषणा न होताही कपात रोज होत असते. ती कोषागाराच्या खिडकीवर होते, बिल अडवून होते, आणि तिची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पीय पुस्तकात सापडत नाही. म्हणून हे पत्र.

आधी आकडे. १० मार्च २०२५ रोजी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये धरला होता. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी. या दोन तुटींचा संबंध लक्षात घ्या. राजकोषीय तूट म्हणजे ढोबळमानाने वर्षभरात घ्यावे लागणारे कर्ज. त्यातला एक तृतीयांश भाग धरण, रस्ता, रुग्णालय यांपैकी कशातच जात नाही. तो पगार, अनुदान, व्याज अशा रोजच्या खर्चात विरतो. घर बांधायला काढलेले कर्ज आणि किराणा भरायला काढलेले कर्ज यांत जो फरक, तोच इथेही आहे. ४५,८९१ कोटींवर सात टक्के व्याज धरले तरी वर्षाला ३,२०० कोटींहून अधिक बोजा पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पावर कायमचा चढतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. महाराष्ट्र दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर वगैरे नाही. सकल राज्य उत्पन्नाच्या तुलनेत राजकोषीय तूट २.७६ टक्के येते, कायद्याची मर्यादा तीन टक्क्यांची आहे. मार्च २०२६ अखेर अपेक्षित कर्ज सुमारे ९.३२ लाख कोटी, म्हणजे राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत. पंजाब आणि हिमाचल प्रदेश ४० टक्क्यांच्या पुढे आहेत. त्यामुळे ‘आम्ही मर्यादेत आहोत’ हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि का अपुरे आहे हे समजण्यासाठी सरकारी हिशेबाची पद्धत माहीत असावी लागते.

राज्य सरकारचे लेखे रोख तत्त्वावर ठेवले जातात. पैसे प्रत्यक्ष दिले गेले की खर्च नोंदला जातो. काम झाले, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, बिल सादर झाले, पण पैसे दिले नाहीत, तर हिशेबाच्या दृष्टीने तो खर्च झालेलाच नाही. कंपनीच्या ताळेबंदात अशी रक्कम देणे म्हणून दिसते. सरकारच्या खर्चाच्या किंवा तुटीच्या आकड्यात ती दिसत नाही. याचा अर्थ सरळ आहे. जेवढी बिले ३१ मार्चच्या पलीकडे ढकलाल, तेवढी त्या वर्षाची तूट कागदावर कमी दिसेल. २.७६ टक्के या आकड्यात थकीत देणी धरलेलीच नाहीत. ठेकेदारांच्या संघटना आपल्या थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी सांगत आल्या आहेत. तो दावा खरा की फुगवलेला, हे तपासायचे तर सरकारचा स्वतःचा आकडा लोकांसमोर हवा.

आता पैसा वरून खाली येतो कसा ते पाहू. विधिमंडळाने अर्थसंकल्प मंजूर केला म्हणजे पैसे मिळाले असे नसते, खर्च करण्याची परवानगी तेवढी मिळालेली असते. त्यानंतर वित्त विभाग ‘बीम्स’ या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने निधी खुला करतो. तो प्रशासकीय विभागाकडे, तिथून नियंत्रक अधिकाऱ्याकडे आणि तिथून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे (कार्यालयाची बिले काढून पैसे देणारा अधिकारी) वितरित होतो. त्या अधिकाऱ्याच्या खात्यावर निधी दिसला तरच प्राधिकारपत्र निघते, त्याशिवाय बिल कोषागारात स्वीकारलेच जात नाही. म्हणून कार्यालयांत ‘हेडला (म्हणजे लेखाशीर्षाला) पैसे पडले का?’ हाच प्रश्न ऐकू येतो. तरतूद शंभर रुपयांची असते, पडतात तीस. उरलेले सत्तर कधी येतील हे कोणी लेखी सांगत नाही. आले तर बहुधा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, कधी ३१ तारखेच्या संध्याकाळी. मग रात्रीपर्यंत बिले चढवायची धावपळ होते. ज्याचे बिल आधीपासून तयार, ज्याचा पाठपुरावा दांडगा, त्याचे निघते. बाकीच्यांचा निधी व्यपगत (लॅप्स) होतो. काही ठिकाणी निधी परत जाऊ नये म्हणून रक्कम काढून बँक खात्यात ठेवली जाते आणि उपयोगिता प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे रखडतात. महालेखापालांचे अहवाल मार्चमधील खर्चाच्या घाईवर आणि या रखडलेल्या प्रमाणपत्रांवर पुन्हा पुन्हा बोट ठेवतात.

या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, हे कोणी बसून ठरवत नाही. ते आपोआप ठरते, आणि त्यातच अन्याय आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवर महसुली जमेपैकी साधारण ५५ टक्के रक्कम जाते. एकट्या व्याजाची २०२५-२६ ची तरतूद ६४,६५९ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे १७७ कोटी. हे तिन्ही खर्च थांबवता येत नाहीत आणि थांबवूही नयेत. त्यानंतर थेट खात्यात जमा होणारे लाभ, कारण तिथे हप्ता आठवडाभर लांबला तरी राज्यभर बोंब होते. मग उरते काय? शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशांची प्रतिपूर्ती, जी मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली असूनही वेळेवर मिळत नाही आणि त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या छोट्या शाळेत शिक्षकांचे पगार अडतात. शाळांचे वेतनेतर अनुदान, ज्यातून खडू, वीजबिल आणि इमारतीची डागडुजी होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिच्या विलंबामुळे महाविद्यालय विद्यार्थ्याचा दाखला अडवून धरते. शिवभोजन केंद्रचालकांची देयके. ग्रामीण रस्ते, पाणी योजना, प्राथमिक आरोग्य केंद्रांची औषधखरेदी. या सगळ्यांत समान गोष्ट एकच आहे: इथे बिल अडले तर ओरडणारा एकटा असतो.

रस्त्याचे उदाहरण थोडे सविस्तर घेतो, कारण उशिरा दिलेला पैसा महाग कसा पडतो ते त्यात स्वच्छ दिसते. ग्रामीण रस्त्याला थर असतात. मातीकाम, मुरूम, खडीकरणाचे थर, त्यावर बीबीएम (डांबरात बसवलेली खडी), कार्पेट आणि शेवटी सीलकोट. ठेकेदार खडीकरणापर्यंत काम नेतो, चालू देयक सादर करतो, हेडला पैसे नसतात. तो बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज भरत काही महिने तग धरतो, मग यंत्रे उचलतो. उघड्या खडीवरून ट्रॅक्टर आणि ऊसगाड्या जातात, खडी सुटी होते. पावसाळा येतो, खडीतला मुरूम वाहून जातो, बाजूपट्टी खचते. पुढच्या वर्षी पैसे पडतात तेव्हा तोच थर पुन्हा करावा लागतो. अंदाजपत्रक सुधारावे लागते, त्यासाठी पुन्हा तांत्रिक मान्यता. डांबराचा दर तोवर बदललेला असतो. ठेकेदार पुढच्या निविदेत विलंबाचा धोका धरून दर भरतो, किंवा कमी दराने काम घेतो आणि ते डांबराच्या जाडीतून वसूल करतो. दोन्हींत नुकसान जनतेचे. कागदावर पहिल्या वर्षी सरकारने ‘बचत’ केली, प्रत्यक्षात तोच किलोमीटर दीडपट किमतीला पडला आणि गावाला रस्ता दोन वर्षे उशिरा मिळाला. जल जीवन मिशनमध्ये हेच आणखी वाईट स्वरूपात दिसते. तिथे केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा, मुदत २०२४ पर्यंतची. ती २०२८ पर्यंत वाढवण्याचे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले, पण जाहीर होणे आणि पैसे येणे यांत मोठे अंतर राहिले. टाकी उभी राहते, गावातले रस्ते नळासाठी खोदले जातात, पण उद्भवापासून (पाण्याच्या स्रोतापासून) टाकीपर्यंतची ऊर्ध्ववाहिनी किंवा पंपाची वीजजोडणी राहून जाते. ९० टक्के खर्च झालेला असतो आणि पाणी शून्य टक्के येते.

हे सगळे पैसे नाहीत म्हणून घडते असे म्हणणे अर्धसत्य आहे. पैसे नाहीत हे माहीत असताना कामे मंजूर होतात, हे उरलेले अर्धे. याची वाट पुरवणी मागण्यांतून, म्हणजे वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे मागितलेल्या जादा निधीतून जाते. संविधानाच्या अनुच्छेद २०५ ने ही सोय दिली ती अनपेक्षित किंवा अपुऱ्या पडलेल्या खर्चासाठी. २०२४-२५ मध्ये जुलैत ९४,८८९ कोटी, डिसेंबरात ३५,७८८ कोटी आणि मार्चमध्ये ६,४८६ कोटी अशा एकूण १,३७,१६३ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मूळ अर्थसंकल्प होता ६,१२,२९३ कोटींचा. म्हणजे २२ टक्के! २०२५-२६ मध्ये जुलैत ५७,५१० कोटी आणि डिसेंबरात नागपूरला ७५,२८६ कोटी. यातली काही रक्कम निव्वळ जमाखर्चाची असते, तिजोरीवरचा निव्वळ भार कमी असतो. जुलै २०२५ चा तो ४०,६४५ कोटींच्या आसपास होता. हा खुलासा योग्यच आहे. पण चार महिन्यांपूर्वी मंजूर झालेल्या अर्थसंकल्पात ४० हजार कोटी धरायचे राहून गेले असतील, तर मार्चमध्ये मांडलेल्या तुटीच्या आकड्याला अर्थ किती उरतो?

पुरवणीत आणखी एक प्रकार असतो, नाममात्र तरतुदीचा. काही कोटींच्या कामापुढे हजार रुपये दाखवायचे. काम पुस्तकात आले की प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश ही साखळी सुरू होते. भूमिपूजन होते, फलक लागतो. त्या दिवसापासून राज्यावर पूर्ण रकमेचे देणे उभे राहते आणि तरतूद असते हजार रुपयांची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरीही पोहरा सोडला जातो, कारण काम मंजूर झाल्याचे श्रेय आज मिळते आणि बिल पुढच्या वर्षाच्या माथी जाते.

आता सर्वांत मोठ्या आणि सर्वांत संवेदनशील खर्चाकडे येतो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी रुपये ठेवले. दरमहा १,५०० म्हणजे एका महिलेला वर्षाला १८,००० रुपये. ३६,००० कोटींना १८,००० ने भागा, उत्तर दोन कोटी महिला येते. त्याआधीच्या वर्षी लाभार्थी अडीच कोटींच्या घरात होत्या, त्या संख्येला ४५,००० कोटी लागले असते. म्हणजे सुमारे पन्नास लाख नावे कमी होणार, हे गृहीत धरूनच तरतूद केली गेली. ते मार्चमध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले असते तर ती धोरणात्मक निवड ठरली असती. पण ते तरतुदीच्या आकड्यात दडले, आणि २६.३४ लाख अर्जदारांचा लाभ थांबवल्याचे जुलैत कळले. निवडणुकीत आश्वासन दिलेले २,१०० रुपये द्यायचे तर दोन कोटी महिलांनाही ५०,४०० कोटी लागतील. हा आकडा राज्याच्या संपूर्ण महसुली तुटीपेक्षा मोठा आहे.

या पैशाला कमी लेखणारा सूर मला मान्य नाही. ज्या घरात महिन्याचे रोख उत्पन्न सात-आठ हजार आहे, तिथे बाईच्या स्वतःच्या खात्यात येणाऱ्या १,५०० रुपयांनी औषध येते, मुलीची फी भरली जाते, सावकाराचा हप्ता चुकत नाही. आक्षेप आहे तो क्रमाला. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आयकरदाता नाही, सरकारी नोकर नाही, चारचाकी नाही हे निकष पहिल्या दिवसापासून शासन निर्णयात होते. आयकर, वाहन नोंदणी आणि सेवार्थ वेतन प्रणाली यांचा विदा (डेटा) सरकारकडेच असतो. पहिला हप्ता जाण्याआधी तीन याद्या जुळवल्या असत्या तर सरकारी कर्मचाऱ्यांच्या खात्यांत पैसे गेलेच नसते. आधी सरसकट वाटप आणि निवडणुकीनंतर छाननी, असे झाल्यामुळे खऱ्या गरजू बाईलाही आता दर महिन्याला धास्ती वाटते की आपले नाव राहील की जाईल. ई-केवायसीच्या ओटीपीसाठी आधारशी मोबाइल क्रमांक न जोडलेली शेतमजूर महिला किंवा ज्यांचा पती वा वडील हयात नाहीत अशी एकल महिला पहिल्यांदा गळते. चारचाकीवाली तिच्यानंतर.

याच योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी वळवल्याचे मे २०२५ मध्ये समोर आले, आणि खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचा युक्तिवाद असा की लाभार्थींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या महिला आहेत, म्हणून त्यांचा वाटा या समाजांसाठी राखीव निधीच्या घटक कार्यक्रमातून दिला. हा युक्तिवाद मान्य केला तर उद्या कोणत्याही सर्वसाधारण योजनेचा वाटा तिथे टाकता येईल. घटक कार्यक्रमाचा हेतूच वेगळा होता: सर्वांना मिळते ते मिळालेच पाहिजे, त्याखेरीज वसतिगृह, शिष्यवृत्ती, वस्तीचा रस्ता यांसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा पैसा. त्यासाठी कायदा हवा ही मागणी जुनी आहे. कर्नाटक आणि तेलंगणात असा कायदा आहे. पण कर्नाटकचा अनुभव नीट पाहून कायदा करावा लागेल. सर्वसाधारण कामावरचा खर्च ‘मानीव खर्च’ म्हणून दाखवण्याची वाट ज्या पोटकलमाने दिली होती, ते तिथे २०२३ मध्ये वगळावे लागले आणि त्यानंतरही गॅरंटी योजनांना (तिथल्या निवडणूक आश्वासनांच्या योजनांना) हा निधी वापरल्याचा वाद सुरूच राहिला. एका पोटकलमाची फट पुरेशी असते.

अडचणीच्या काळात घेतलेला चुकीचा निर्णय किती लवकर अंगावर येतो, याचे उदाहरण पीकविमा आहे. एक रुपयात विमा ही योजना खरीप २०२३ पासून सुरू झाली. शेतकऱ्याचा हिस्सा राज्याने भरायचा. बोगस अर्ज वाढले, दुसऱ्याच्या किंवा बिगरशेती जमिनीवर विमा उतरवला गेला, कारण अर्ज करणाऱ्याच्या खिशातून एक रुपयाच जात होता. खरीप २०२५ पासून ती बंद केली आणि पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के हिस्सा आला. इथपर्यंतचा निर्णय मला योग्यच वाटतो. सरकारने तो उघडपणे घेतला हेही योग्य. पण त्याच वेळी विम्यातून पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक नैसर्गिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही चार संरक्षणे काढली गेली. फक्त पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांतले पीक कापून उत्पादन मोजण्यावर) आधारित भरपाई उरली. हा प्रयोग महसूल मंडळाच्या सरासरीवर चालतो. गेल्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने (विम्यात ठरलेल्या टक्केवारीने) गुणून उंबरठा उत्पादन काढतात. समजा ते हेक्टरी १० क्विंटल आले आणि मंडळाची यंदाची सरासरी ८ क्विंटल निघाली, तर तूट २० टक्के, म्हणून विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के भरपाई. ५० हजारांवर १० हजार. नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याची मातीसकट जमीन खरवडून गेली त्यालाही तेवढेच, आणि मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली तर शून्य.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी आणि पुराने नेमके तेच घडले ज्यासाठी स्थानिक आपत्तीचे संरक्षण होते. ७ ऑक्टोबरला सरकारला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. विम्याच्या हप्त्यात वाचलेले पैसे मदतीच्या रूपाने तिजोरीतूनच द्यायची वेळ आली, तेही आधीच ताणलेल्या वर्षात, पुरवणी मागणी करून. विमा कंपनीच्या माथी असलेली जोखीम सरकारने स्वतःच्या माथी घेतली होती, आणि ती घेताना त्याची किंमत कुठेही मोजली नव्हती. बोगस अर्ज रोखायला शेतकऱ्याचा २ टक्के हिस्सा, शेतकरी ओळखपत्र आणि ई-पीक पाहणी पुरेशी होती.

विजेच्या अनुदानाबद्दल थोडक्यात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांची वीज एप्रिल २०२४ पासून मोफत आहे आणि त्यासाठी वर्षाला १४,७६० कोटी लागतात. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार अशी सवलत द्यायची तर राज्याने पैसे वीज कंपनीला आगाऊ दिले पाहिजेत. ते उशिरा दिले की कंपनी खेळत्या भांडवलासाठी कर्ज काढते आणि त्याचे व्याज शेवटी घरगुती व औद्योगिक ग्राहकाच्या दरात येते. दुसरे, अनेक पंपांना मीटर नाही, वापर अंदाजाने धरतात, आणि त्या अंदाजात गळती व चोरीही खपते. कृषी फीडरवरच्या (शेतीपंपांच्या वीजवाहिनीवरच्या) मीटरचे आकडे प्रसिद्ध केले तर हा अंदाज तपासता येईल. इथे एक चांगली गोष्ट नक्की घडते आहे. सौर कृषी वाहिनी योजनेतून सुमारे तीन रुपये युनिटने दिवसा वीज मिळू लागली की त्या फीडरवरचे अनुदान खरोखर घटते, शेतकऱ्याला रात्री शेतात जावे लागत नाही. तूट आहे म्हणून याच खर्चाला कात्री लागली, तर ते बी-बियाणे विकून खाण्यासारखे होईल.

उत्पन्न वाढवा, असा सल्ला सोपा आहे. जीएसटीचे दर परिषदेच्या हातात गेले, १४ टक्के वाढीची हमी देणारी भरपाई जून २०२२ मध्ये संपली. व्यवसाय कराची कमाल मर्यादा संविधानानेच १९८८ पासून वर्षाला २,५०० रुपयांवर गोठवली आहे. ती वाढवण्याची मागणी सर्व राज्यांनी मिळून लावून धरायला हवी, कारण १९८८ चे २,५०० आणि आजचे २,५०० एक नाहीत. उरतात मद्य, मुद्रांक, वाहने आणि इंधन. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचे शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि १४,००० कोटी जास्तीचे येतील असा अंदाज मांडला. अंदाज आणि वसुली यांतला फरक दर तिमाहीला जाहीर झाला तर पुढचे बोलता येईल. एवढी मोठी दरवाढ झाली की शेजारच्या राज्यातून, विशेषतः गोव्यातून, चोरटी वाहतूक वाढते, हे सीमेवरच्या प्रत्येक तपासणी नाक्याला माहीत आहे. तिथे निरीक्षकांची पदे रिक्त ठेवून ही वाढ पदरात पडणार नाही.

कठीण निर्णय उघडपणे घेतले तर लोक समजून घेतात, हे महाराष्ट्रानेच पाहिले आहे. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने कार्यक्रमांवरील खर्च ३३ टक्क्यांवर आणला, नवी बांधकामे आणि भरती थांबवली, आरोग्य, अन्नपुरवठा आणि मदत-पुनर्वसन यांना अग्रक्रम दिला. निर्णय कठोर होता. पण तो लेखी होता, सर्वांना एकाच दिवशी कळला आणि कोणाला का वगळले हेही त्यात होते. हिमाचल प्रदेशाने सप्टेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांचे वेतन १ ऐवजी ५ तारखेला आणि निवृत्तिवेतन १० तारखेला दिले. आगाऊ उचलीच्या कर्जाचे महिन्याला तीन कोटी व्याज वाचेल, असे कारण मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितले. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये श्वेतपत्रिका काढून वीज आणि परिवहन महामंडळांची अर्थसंकल्पाबाहेरची देणीही मांडली. आपल्याकडे शक्तिपीठ महामार्गासाठी जून २०२५ मध्ये २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर झाली, भूसंपादनासाठी हुडको या केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेकडून १२,००० कोटी कर्जाने घ्यायचे ठरले. असे कर्ज महामंडळाच्या नावावर असले तरी परतफेड कोण करणार हे सर्वांना ठाऊक आहे. ते राज्याच्या ९.३२ लाख कोटींत दिसते का, याचे उत्तर सामान्य वाचकाला एका पानावर मिळायला हवे.

येत्या मार्चच्या अर्थसंकल्पाकडून माझ्या अपेक्षा यातूनच येतात. प्रत्येक विभागाने थकीत देयकांची यादी द्यावी: ९० दिवसांपर्यंतची किती, १८० दिवसांपर्यंतची किती, वर्षावरची किती, जिल्हावार. बिले जुन्यातल्या जुन्याला आधी या क्रमाने दिली जावीत आणि क्रम मोडला तर कारण नोंदवावे. ज्या विभागाची थकबाकी त्याच्या वार्षिक भांडवली तरतुदीच्या निम्म्याहून अधिक आहे, त्याला नवीन कामाची प्रशासकीय मान्यता मिळू नये. नाममात्र तरतुदीवर कार्यारंभ आदेश तर मुळीच निघू नये. २५ कोटींवरच्या कोणत्याही नव्या वैयक्तिक लाभाच्या योजनेसोबत पाच वर्षांचा खर्च, लाभार्थी पडताळणीची पद्धत आणि पैसा कुठून येणार याचे एक पान जोडावे. पुरवणी मागण्या आपत्ती, न्यायालयीन आदेश आणि केंद्राच्या योजनेतला राज्याचा हिस्सा एवढ्यापुरत्या राहाव्यात. आणि निधी दर तिमाहीला किती टक्के खुला होणार, हे एप्रिलमध्येच जाहीर करावे. मग तीस टक्केच मिळणार असतील तरी चालेल. मुख्याध्यापक, सरपंच आणि ठेकेदार त्या हिशेबाने काम आखू शकतील.

यातल्या पहिल्या गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, नवे पदही लागत नाही. मंजूर निधी आणि खर्च बीम्सवर रोज दिसतो. झालेल्या कामाची मोजमापे विभागीय कार्यालयांत नोंदलेली असतात, सादर झालेल्या बिलांच्या नोंदवह्या लेखा शाखेत असतात. कार्यकारी अभियंत्याला आणि गटशिक्षणाधिकाऱ्याला आपल्याकडे किती थकले आहे हे तोंडपाठ असते. ते आकडे एका नमुन्यात मागवून, बेरीज करून, ३१ जानेवारीची स्थिती म्हणून अर्थसंकल्पासोबत सभागृहाच्या पटलावर ठेवता येतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर